डाव्या खांद्याचं माप

आमचे दाजी गेले, त्याला आता सहा आठवडे होतील. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. युसूफ वडगावात त्यांचं शिलाईचं दुकान आणि केजमध्ये माझं कापडाचं, मधे जीपचा अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. निरोप आला तेव्हा मी एका बाईला परकराचं कापड मोजून देत होतो. शेजारचा एसटीडी बूथवाला स्वतः उठून माझ्या पायरीशी आला, तिथंच मला काहीतरी खटकलं, कारण एरवी फोन आला की तो बसल्या जागेवरून हाका मारतो. "वडगावचा फोन व्हता," तो म्हणाला. "तुमचे दाजी गेले म्हणं सकाळी." आठ दिवस ताप आहे, अंबाजोगाईला दवाखान्यात नेलंय, एवढं माझ्या कानावर होतं. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं माझं चाललेलं होतं. मी मान हलवली, मीटरपट्टी पुन्हा लावली आणि कापड फाडलं. सव्वादोन मीटरच्या जागी तीन मीटर फाडलं गेलं. पैसे मी सव्वादोनचेच घेतले.

आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात आणि तसंच बसलेलं समाधीत उतरवतात. दाजींना ओसरीत फळीला टेकवून बसवलं होतं. हा माणूस इतका वेळ एका जागी बसलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. धोतर नवं, अंगावर पांढरी बंडी, आणि डोक्याला फेटा... तो फेटा चुकीचा बांधला होता. घाईघाईत कुणीतरी नुसतेच वेढे दिले होते, कानाजवळ एक घडी सुटून लोंबत होती, मागं सोडायचा पदर भलत्याच बाजूला आला होता. ज्या माणसानं शाळेच्या सोंगांसाठी हजारभर पोरांच्या डोक्यांना फेटे, पगड्या, मंदिल चढवले, पदर डावीकडं का उजवीकडं यावरून शाळेच्या हेडमास्तरांशी वाद घातला, त्याच्या डोक्यावर हे. मला सारखं वाटत होतं, आता उठतील आणि म्हणतील, "सोडा बे, उसवा हे." माझा हात दोनदा पुढं गेला आणि दोनदा मागं आला. तीन वर्षं मी या माणसाशी धड बोललो नव्हतो, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. आता कोणत्या तोंडानं फेटा नीट करायचा? तो तसाच त्यांच्याबरोबर गेला. तेव्हापासून मला कुठं धड बसवत नाही. गल्ल्यावर बसतो, उठतो, रस्त्यावर येऊन उभा राहतो, पुन्हा आत जातो. हा लेखसुद्धा चार बैठकींत लिहितोय.

अक्काचं लग्न झालं तेव्हा दाजींच्या घरचं किराणा दुकान होतं. थोरले दोघे भाऊ गादीवर बसायचे आणि हे धाकटे शिलाई मशीन घेऊन कोपऱ्यात. वाण्याच्या घरात शिंपीकाम, म्हणून त्यांच्या घरी कुरकुर आणि आमच्याही घरी. आमचे वडील, आप्पा, तेवढे शांत होते. ते म्हणाले, "हाताला कसब हाय, पोरगी उपाशी मरणार न्हाई." मला मात्र हे दाजी पहिल्या दिवसापासून पटले नाहीत, पण आवडले खूप. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, तरी मला "शेठ" म्हणायचे आणि तेही असं की दुकानातल्या गिऱ्हाइकाला हसू यावं. पंगतीत बसले की शेजारच्याच्या बाहीची आतली बाजू उलटून बघायचे. माझ्या स्वतःच्या लग्नात मी बाशिंग बांधून पाटावर बसलोय, जंगमस्वामींचे मंत्र चाललेत आणि दाजी मागून कुजबुजतात, "शेठ, जरा हात वर करा." मी केला. मला वाटलं विधी असेल काही. त्यांनी बगलेतल्या शिवणीत नख घातलं, बोटभर उसवलं आणि समाधानानं म्हणाले, "वाटलंच मला. दुहेरी तुकडा घातलाय." सगळं लग्न मी तो हात अंगाला चिकटवून बसलो. अजून लग्नाच्या फोटोत मी लकवा भरल्यासारखा दिसतो.

उसवल्याशिवाय कळत नाही, हे त्यांचं एकच शास्त्र होतं. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण गल्लीत आली की बायकांच्या आधी दाजी पोचायचे. तिच्या गाठोड्यातून एखादी आजोबांच्या काळातली बंडी, खणाची चोळी, फाटका अंगरखा निघाला की एखादं नवं पातेलं तिला परत देऊन ते तो कपडा घ्यायचे. अक्का या पातेल्यांवरून जन्मभर बोलत राहिली. घरी आणून ते त्याची शिवण न शिवण सोडायचे, तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवायचे, फर्मा कापायचे आणि मग कपडा पुन्हा जोडायचे. तेवढ्यानंही भागत नसे. जोडलेलं पुन्हा उसवायचं, कारण आदल्या रात्री झोपेत काहीतरी सुचलेलं असायचं. पूर्ण झालेली वस्तू त्यांना बघवत नसे. मी एकदा वैतागून म्हणालो, "दाजी, तुम्ही शिंपी आहात का उसवे?" तर म्हणाले, "शेठ, तुमी नुस्तं कापड बघता. कापडात माणूस कसा बसलाय ते शिवणीत असतंय."

सात-आठ वर्षांमागं आमच्या केजात बरंच काही एकदम आलं. गच्च्यांवर डिश अँटेना आल्या, बूथ आले, माझ्या दुकानासमोर काचेच्या दाराचं रेडिमेडचं दुकान आलं आणि इंग्रजी शाळा आली. शाळेबरोबर 'फॅन्सी ड्रेस' आला. आईबापांना हे काय ते कळेना. पहिल्या वर्षी एका घरानं पोराला नवा सफारी घालून पाठवला आणि फॅन्सी म्हणजे हेच ना, असं बाईंना विचारलं. मग कुणीतरी वडगावच्या दाजींचं नाव सांगितलं आणि दाजींना त्यांचं काम सापडलं. रोजची पायजमे-चड्ड्यांची शिलाई बाजूला पडली. मावळे, सरदार, घोड्यावरच्या राण्या, पाटलीणबाई, गोरा साहेब, जुन्या कचेरीतला कारकून. माझ्या दुकानात न खपलेले साटीन, ब्रोकेड, चकाकणारी नायलॉनची पातळं, सगळी त्यांनी उचलली. माझा पडून राहिलेला माल त्यांच्या पोरांच्या अंगावर राजेशाही दिसायचा, हे मला कबूल करावं लागतं. रेडिमेडनं माझं गिऱ्हाईक तोडलं, त्या दोन-तीन वर्षांत मला या सोंगांच्या कापडानंच तगवलं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

हट्ट मात्र असा की बोलायची सोय नाही. अंगरख्याला बंदच पाहिजेत. बटण नाही, चेन नाही, ते चिकटणारं नवीन पट्टीचं काही निघालं होतं ते तर नाहीच. एका गॅदरिंगला पहिलीतला मावळा स्टेजवर आला, छाती फुगवून उभा राहिला आणि भाषण सोडून मुतायला जायचंय म्हणून रडू लागला. दोन बाई त्याला घेऊन पडद्यामागं धावल्या. आठ बंद, वर कमरेचा शेला, त्यावर पट्टा. बंद सुटेपर्यंत मावळ्याचा धीर सुटला. पोराचा बाप दुसऱ्या दिवशी वडगावला भांडायला गेला. दाजी त्याला म्हणाले, "त्या काळी चेन व्हती का? न्हाई ना? मग त्या काळची माणसं जात न्हवती का?" आणि त्या बापालाच समोर बसवून सुरगाठ कशी मारायची, एका झटक्यात कशी सोडायची ते शिकवलं. बाप शिकून आला. पुढं कपडे भाड्यानं द्यायच्या आधी प्रत्येक पोराला त्यांच्यासमोर बसावं, उठावं, पळावं लागे आणि डोळे मिटून गाठ सोडून दाखवावी लागे. ज्याला जमलं नाही त्याला सरदारकी मिळत नसे. त्याला साहेब करायचे, कारण साहेबाच्या पँटला बटणं.

आता शेरवानीचं सांगतो. हे सांगायचंय म्हणूनच लिहायला बसलो आणि इतका वेळ टाळतोय.

आप्पांची एक शेरवानी होती. निजामाच्या राजवटीत आमच्याकडं बऱ्या घरातला माणूस लग्नाकार्यात शेरवानी घालायचा, वाणी असो की देशमुख. केजचं दुकान टाकलं तेव्हा आप्पांनी ती अंबाजोगाईच्या, म्हणजे त्या वेळच्या मोमिनाबादच्या, एका उस्तादाकडून शिवून घेतली होती. बदामी रंग, आतून तांबडं अस्तर, हस्तिदंती रंगाची बटणं. आप्पा गेल्यावर ती आईच्या ट्रंकेत होती, कडुनिंबाच्या पाल्यात. ती शेरवानी म्हणजे आमच्या घराची अब्रू, असं मी समजत होतो. आम्ही पिढीजात पेढीवाले, आमच्यात कुणी दुसऱ्याच्या दारात उभं राहिलं नाही, असं मी दहा ठिकाणी सांगत असे. आप्पा तसं कधी म्हणाले नव्हते. मीच म्हणत होतो.

दाजींना शाळेसाठी निजामी काळचा कारकून करायचा होता आणि शेरवानीचा खरा काट त्यांना कुठं बघायला मिळेना. आई जाऊन वर्ष झालं होतं. ते माझ्याकडं आले. मी म्हणालो, "नेता का न्या. पण उसवायची नाही."

"न्हाई हो शेठ. नुस्ती बघतो. आठ दिवसांत आनून देतो."

आठ दिवस झाले, पंधरा झाले. मी जीप धरून वडगावला गेलो. दुकानात शाळेच्या दोन बाई बसलेल्या, एक गिऱ्हाईक उभं, आणि जमिनीवर पांढऱ्या चादरीवर माझ्या बापाची शेरवानी. तुकड्यांत. बाह्या इकडं, पाठ तिकडं, अस्तर सोलून वेगळं, गळपट्टी एका बाजूला, बटणं वाटीत. माझं डोकंच फिरलं. मी काही बोलायच्या आत दाजी लहान पोरासारखे पुढं आले, त्यांच्या हातात कापसाची एक चपटी गादी होती, तळहाताएवढी, पिवळी पडलेली.

"शेठ, हे बघा काय गावलं. डाव्या खांद्यात व्हती. उजव्यात न्हाई, फक्त डाव्यात. उस्ताद लई हुशार मानूस. मामांचा डावा खांदा दोन बोटं उतरलेला व्हता, तो झाकायला घातली." माझ्या वडिलांना ते मामा म्हणत. "पोरवयात ओझं वाहिलंय मामांनी. हमालाचा न्हाईतर फेरीवाल्याचा खांदा असा व्हतो. तुमाला म्हाईत व्हतं का?"

दोन बाई माझ्याकडं बघत होत्या. त्यातली एक आमच्याच गल्लीतली. मी म्हणालो, "आमच्या घराण्यात कुणी ओझं वाहिलेलं नाही."

"आवो, मी वाईट कुटं म्हनतोय..."

"जशी होती तशी जोडून द्या. नाहीतर आपलं बोलणं संपलं."

अक्का आतून आली, "शंकर, च्या तरी घे," म्हणाली. मी थांबलो नाही. परत येताना जीपमध्ये मी सारखा आप्पांचा खांदा आठवायचा प्रयत्न करत होतो आणि तो आठवत नव्हता. ते दुकानातल्या गादीवर बसलेले आठवायचे, उपरणं डाव्या खांद्यावर. कायम डाव्या. पण तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही.

माणूस भांडण कसं चालवतो याचंही एक कसब असतं आणि त्यात दाजी कच्चे होते. बोलणं बंद झाल्यावरही ते गिऱ्हाइकांना माझ्याच दुकानात पाठवत राहिले. कुणाची आई यायची, हातात दाजींच्या अक्षरातली यादी. तांबडं साटीन अडीच मीटर, अस्तर तेवढंच, जरीची पट्टी चार हात. आणि प्रत्येक यादीच्या शेवटी एकच ओळ: 'शेठ, माप द्यायला या.' मला त्या ओळीचा राग यायचा. शेरवानी आप्पांची, तिला माझं माप कशाला? हा माणूस आता त्यातून माझ्यासाठी काहीतरी नवंच सोंग काढणार, असं मला वाटे. एकदा मी यादीच्या पाठीवर लिहून पाठवलं: 'माप नको. जशी होती तशी द्या.' पुढच्या यादीवर पुन्हा तेच.

अशीच एक यादी घेऊन चौसाळ्याची एक बाई आली. तिचा मुलगा कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेलेला. तिकडं थंडीच्या तोंडाला एक दिवस सगळे भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार फिरतात, साहेबलोकसुद्धा, आणि पोरानं फोनवर सांगितलं की मला आपल्याकडचं काहीतरी पाठव. ती आधी वडगावला जाऊन आली होती. दाजी काय म्हणाले ते तिनं मला हसत हसत सांगितलं. म्हणाले, "भूत कावून पाठवायचं? जुना मानूस करून पाठवू की. जुना मानूस म्हंजे मेलेलाच ना. पन ह्यो चांगल्या कपड्यांत येतो." त्यांनी त्या पोराला जुन्या काळच्या सरदाराचा पूर्ण पोशाख शिवून दिला, पगडीसकट, आणि सोबत सुरगाठीचं चित्र काढलेला कागद. पुढं तिकडून फोटो आला. बर्फात उभा सरदार, शेजारी पांढरी चादर पांघरलेले दोन गोरे. दाजींनी तो फोटो दुकानात लावला आणि आल्यागेल्याला पगडी किंचित तिरकी बसलीय म्हणून खंत सांगत राहिले. बाईच्या यादीवरही खाली ती ओळ होतीच. मी कापड दिलं, यादी चुरगाळून गल्ल्यात टाकली. गल्ल्यात का टाकली, बाहेर का नाही, कुणास ठाऊक.

भांडणाला वर्ष होऊन गेल्यावर एक दिवस, त्याच चौसाळ्याकडचा एक म्हातारा दुकानात आला. नातीच्या लग्नाचं कापड घ्यायचं होतं. पाटी वाचून घेतली, माझ्याकडं निरखून पाहिलं आणि म्हणाला, "तुमी गठुडंवाल्या आप्पाचं का?"

"कोण गठुडंवाले?"

"तुमचे वडील. आमी ल्हान व्हतो तवा पायी यायचे. डाव्या खांद्यावर कापडाचं गठुडं आन उजव्या हातात काठी. कुत्री लई अंगावर यायची ना. आमची आई तेंच्याकडूनच खण घ्यायची. लई सरळ मानूस."

मी त्याला चहा सांगितला. आणखी काही विचारलं नाही. कापड फाडून दिलं, बांधून दिलं, जीपपर्यंत पोचवलं. तो गेल्यावर बराच वेळ मी पायरीवर उभा होतो. आपला बाप दहा-बारा कोस ओझं घेऊन चालत होता, दारोदार उभा राहत होता, कुत्र्यांना हाकलत होता, आणि हे त्यानं मला का सांगितलं नाही? का सांगितलं असेल आणि मीच ऐकलं नसेल? दाजींना शिवणीत जे दिसलं ते खरं होतं. त्याच संध्याकाळी वडगावची जीप धरायला हवी होती. मी गेलो नाही. गेलो असतो तर त्या दोन बायांसमोर बोललेलं वाक्य मला मागं घ्यावं लागलं असतं, आणि ते मला जमणार नव्हतं. बाप गाठोडं वाहत होता याची मला लाज वाटली, की तसं वाटल्याची लाज वाटली, हे आजही नीट सांगता येत नाही. दोन्ही असेल. पण त्यानंतरची दोन वर्षं मी जे भांडण चालवलं ते खोटं होतं, हे मला रोज माहीत होतं.

गेल्या दिवाळीच्या आसपास दाजी स्वतःच दुकानात आले. तीन वर्षांत पहिल्यांदा. गळ्यात टेप तशीच, वाळलेले, डोळ्यांना जाड चष्मा. "पांढरा दोरा द्या शेठ, कच्च्या टाक्याचा," म्हणाले. केजात दोरा मिळायची दहा दुकानं आहेत आणि त्यातलं एकही माझं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मी म्हणालो, "दोरा नसतो माझ्याकडं." ते हसले आणि उभेच राहिले. समोर एक बाई साडीचा पदर बघत बसली होती. तिला वरच्या फळीवरचा तागा हवा होता म्हणून मी पाठ वळवून डावा हात वर केला. तेवढ्यात माझ्या डाव्या खांद्यावर काहीतरी टेकलं. दोन बोटं. हलकेच, गळ्यापासून खांद्याच्या टोकापर्यंत सरकली आणि तिथं जराशी थांबली. मी खांदा झटकला. "गिऱ्हाईक आहे, दाजी," म्हणालो. एवढंच. ते म्हणाले, "हाय की. असू द्या." आणि गेले. दारातून बाहेर पडताना त्यांनी मागं वळून पाहिलं की नाही मला माहीत नाही, कारण मी तागा उलगडत होतो. पुढं ते मला दिसले ते फळीला टेकून बसलेले.

दिवस झाल्यावर अक्कानं मला दुकानात नेलं. एवढ्या वर्षांत त्या दुकानात मी शांतता पहिल्यांदा ऐकली. दोरीवर सरदार टांगलेले, राण्या टांगलेल्या, खाली टोप्या-पगड्यांच्या टोपल्या, भिंतीवर बर्फातला सरदार. मशीनच्या मागं खुंटीवर बदामी शेरवानी. लांबून अगदी पूर्वीसारखी. मी जवळ गेलो तर सगळीकडून पांढरे टाके दिसले, लांब लांब, बाह्यांवर, खांद्यांवर, कडेनं. कच्ची शिलाई.

"तीनदा जोडली आन तीनदा उसवली तेनी," अक्का म्हणाली. "पयल्यांदा गादी घालून जोडली. मग म्हणले, हे मामांनी लपवलेलं, आता कावून लपवायचं. काढून जोडली. मग म्हणले, पन बाप शंकरचा हाय, मी कोन ठरवनार. पुन्यांदा उसवली. तू यावं आन सांगावं, गादी घालून शिवू का काढून, म्हनून थांबले व्हते. माप द्यायला या, माप द्यायला या, म्हनून किती चिठ्ठ्या धाडल्या रे तुला."

"मग आता ही?"

"दिवाळीला तुज्याकडं जाऊन आले ना, त्या दिवशी लई खुशीत व्हते. म्हणले, माप गावलं. शंकरचा बी डावा दोन बोटं खाली हाय, तेला म्हाईत न्हाई. गादी न घालता तेच्या मापानं जोडून ठिवतो. पन पक्की न्हाई करायची, पक्की तो आल्यावर. गादी खिशात ठिवलीय बघ, तुला हवी असली तर."

खरंच होती. आतल्या खिशात, कागदात गुंडाळलेली.

मी तिथंच शेरवानी अंगात घातली. दाजी पोरांना उभं करत त्याच आरशासमोर उभा राहिलो. गळा आवळत होता, आप्पा माझ्यापेक्षा बारीक होते. बाही बोटभर आखूड. पण डावा खांदा... डाव्या खांद्यावर ती अशी बसली की कुठं ताण नाही, कुठं सुरकुती नाही. आणि आरशात मला पहिल्यांदा दिसलं, माझा डावा खांदा उतरलेला आहे. पस्तीस वर्षं त्याच हातानं तागे काढतोय म्हणून असेल, नाहीतर आप्पांकडून आला असेल. गिऱ्हाइकांना दिसत असेल, बायकोला दिसत असेल, सगळ्या केजला दिसत असेल. अक्का मागं उभी होती. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. तीनच वर्षं नव्हे, त्याच्याही आधीचं सगळं त्यात होतं.

कापसाची गादी मी दाजींच्या मशीनच्या खणात, बॉबिनांच्या डब्याशेजारी ठेवून आलो. शेरवानी घेऊन आलो. आता ती माझ्या दुकानात गल्ल्याच्या मागं खुंटीला आहे. ओळखीचे दोन-तीन शिंपी म्हणाले, द्या, तासाभरात पक्की मारून देतो. मी दिली नाही. पांढरे टाके तसेच आहेत. कुणी विचारलं, हे असं अर्धवट का, तर मी सांगतो की माझे वडील डाव्या खांद्यावर गाठोडं घेऊन गावोगाव पायी फिरायचे आणि ही त्यांची शेरवानी. आधी अडखळत सांगायचो, आता सरळ सांगतो. हे छापून आल्यावर शाळेच्या त्या दोन बाईही वाचतील. वाचू देत.

एक मात्र जात नाही. वरच्या फळीवरचा तागा काढायला डावा हात वर केला की मी तसाच थांबतो. हात वर, पाठ रस्त्याकडं. दोन बोटं टेकायला जेवढा वेळ लागेल तेवढा. खांदा झटकत नाही. समोरच्या काचेच्या दुकानामुळं हल्ली माझ्याकडं दुपारभर कुणी फिरकत नाही, त्यामुळं थांबायला वेळच वेळ असतो. गिऱ्हाईक नसतं, दाजी.